शेवंतीला काळोख हवा

तुमची शेवंती हिरवीगार आहे, फुटतेय, पण कळी धरत नाही म्हणताय. खत बदलण्याआधी एकदा रात्री कुंडीपाशी उभं राहून बघा, पानांवर कुठल्या दिव्याचा उजेड पडतोय का? शेवंतीला फुलायला लांबलचक रात्र लागते, साधारण १२ तासांहून जास्त सलग काळोख. मध्येच दिवा लागला तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडली. बहर पुढे ढकलायचा असेल तर फुलशेतीत मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात, ते याचसाठी.

माझी एक कुंडी जिन्याच्या दिव्याखाली होती. दिव्याकडच्या फांद्यांना नुसती पानं, आणि भिंतीआडच्या फांद्यांवर मिरीएवढ्या हिरव्या कळ्या! कुंडी हलवली आणि काही आठवड्यांनी उरलेल्या फांद्याही कळ्यांनी भरल्या.

शेंडे खुडणं मात्र आता थांबवा. ते वाढीच्या दिवसांतलं काम, आत्ता खुडलंत तर कळ्याच जातील. नत्राचं खतही आवरतं घ्या. आणि बहर संपला की झाड उपटून टाकू नका, एवढी कळकळीची विनंती. बुंध्यापासून चार बोटांवर छाटा. मातीतून नवे फुटवे येतील, ते मुळांसकट वेगळे करून लावा. जुन्या खोडापेक्षा त्यांना जोम जास्त असतो.