थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा घ्यावी का?

सायली_प
नमस्कार मंडळी, बँकेत नोकरी करते, मार्च एंडपासून नुसती धावपळ, रात्री झोप लागत नाही आणि दुपारी चार वाजले की अंगात त्राणच उरत नाही. मैत्रिणीने अश्वगंधाच्या कॅप्सूल दिल्यात, डबीवर ३०० मिग्रॅ एक्स्ट्रॅक्ट, ५% विथॅनोलाइड्स (म्हणजे अश्वगंधेतले मुख्य घटक) लिहिलंय. आमच्याकडे आजी आस्कंदाचं चूर्ण दुधातून द्यायची म्हणून भीती अशी नाही वाटत, पण मला हायपोथायरॉइड आहे, सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन ५० घेते. कोणाला अनुभव?

विदर्भाचा_पोट्टा
मी घेतो, रात्री जेवल्यावर. चहा-कॉफीसारखी तरतरी वगैरे येत नाही बरं का, हळूहळू झोप सुधारते आणि मग दिवसा बरं वाटतं. उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं. थायरॉइडचं मला माहीत नाही.

वैद्य_मानसी
सायलीताई, डबी तूर्त बाजूला ठेवा. अश्वगंधेने टी४ म्हणजे थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, त्यात तुमची गोळी आहे तेवढीच चालू राहिली तर धडधड, हात थरथरणं, घाम, आणि आहे ती झोपही उडेल. उपयोग नाही असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः पेशंटना देते. २०१२ मध्ये आपल्याकडेच ६४ जणांवर अभ्यास झाला, ६० दिवस ३०० मिग्रॅ दोनदा, त्यात ताण आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दोन्ही कमी झाले. पण ६४ माणसं म्हणजे फार नाहीत, आणि लिव्हरला सूज येऊन कावीळ झाल्याच्याही केसेस नोंदल्या गेल्यात. गरोदरपणात तर नकोच, झोपेची, शुगरची, बीपीची गोळी चालू असेल तरी विचारून. डबीवर फक्त मूळ वापरलंय का तेही बघा, पानं नकोत, आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंय.
आणि मुळात एवढा थकवा कशाने? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ करून घ्या. गोळीचा डोसच कमी पडत असेल तर अश्वगंधा काय करणार?

कोपनहेगनकर
इथे डेन्मार्कमध्ये २०२३ पासून बंदीच आहे. आई बॅगेत चूर्णाची पुडी भरत होती, मी काढायला लावली.

विदर्भाचा_पोट्टा
मॅडम, मग मीपण लिव्हरची टेस्ट करू का? बाकी काही त्रास नाही.

वैद्य_मानसी
बरेच दिवस घेत असाल तर करून घ्या, एलएफटी सांगा लॅबमध्ये. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, भूक मेली, यातलं काही दिसलं तर आधी बंद करा आणि डॉक्टरकडे जा.

सायली_प
धन्यवाद मॅडम. टीएसएच वर्षभरात केलेलंच नाही, शनिवारी लॅबमध्ये जाते, रिपोर्ट आला की इथेच टाकते.