बंगल्याच्या गाडीच्या वाटेवर बास्केटबॉलची रिंग: जमीन, खांब आणि मापे यांविषयी सल्ला हवा

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. आमच्या जुन्या बंगल्याच्या बाजूने, फाटकापासून मागच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, साधारण ११ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद अशी गाडीची वाट आहे. सध्या तेथे शहाबादी फरशी असून ती जागोजागी खचली आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी बास्केटबॉल शिकते आणि तिला रोज घरी सराव करता यावा, म्हणून फरशी काढून तेथे काँक्रीट करावे आणि मागच्या भिंतीजवळ रिंग उभारावी, असा आमचा विचार आहे. गाडी मात्र त्याच वाटेवर फाटकाच्या बाजूला उभी राहणार आहे. जमीन काळ्या मातीची आहे आणि पाण्याची भूमिगत टाकी फाटकाजवळ आहे. एवढ्या जागेत उपयोगी पडेल असा सराव होऊ शकतो का, आणि काम कोणत्या क्रमाने करावे? कंत्राटदाराने आहे त्याच फरशीवर दोन इंच काँक्रीट ओतण्याचे सुचवले आहे. ते मला पटलेले नाही.

उत्तर (स्थापत्य अभियंता, कर्वेनगर)

आपली शंका रास्त आहे. फरशी खचली आहे ती खालच्या भरावामुळे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वर कितीही चांगला थर दिला तरी एक-दोन पावसाळ्यांत तो तडकणार. फरशी उचलून काळी माती शक्य तितकी काढावी, मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून चांगला दाबून घ्यावा, त्यावर दगडाचे सोलिंग (हाताने रचलेल्या दगडांचा थर) करावे आणि मग एम-२० प्रतीचे (मजबुतीची एक प्रत) १०० ते १२५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीट करावे. साधारण दर तीन मीटरवर जाडीच्या पाव भागाइतका खोल काप द्यावा, म्हणजे तडा गेलाच तर तो कापाच्या रेषेत जाईल. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू देऊ नका. पावसात त्यावर पाय घसरतो. काँक्रीट ओले असतानाच झाडूचा हलका हात फिरवून खरखरीतपणा ठेवावा. ॲक्रिलिकचा रंगीत थर दिसायला सुरेख असला, तरी जेथे रोज गाडीची चाके फिरतात आणि तेल ठिबकते तेथे मी तो सुचवणार नाही.

उताराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते. पाणी वाहून जाण्यासाठी शंभरास एक एवढा उतार लागतो. तो नेहमीप्रमाणे फाटकाकडे दिला, तर रिंगमागच्या बोर्डापासून ४.६ मीटरवर असलेल्या फ्री थ्रोच्या (विनाअडथळा चेंडू फेकण्याच्या) रेषेवरील जमीन बोर्डाखालच्या जमिनीपेक्षा साडेचार सेंटिमीटरहून अधिक खाली जाईल, म्हणजे रिंग तेवढी उंच भासेल आणि हुकलेला प्रत्येक चेंडू गाडीकडे घरंगळत येईल. त्याऐवजी उतार रुंदीच्या दिशेने, बाजूच्या भिंतीलगतच्या नाल्याकडे द्यावा, ५.५ मीटरमध्ये तो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर होतो आणि खेळताना जाणवत नाही.

खांबाचा पाया स्लॅबपासून स्वतंत्र असावा आणि काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत जावा. खोदण्यापूर्वी ड्रेनेजची लाईन आणि विजेची केबल कोठून जाते ते नक्की करून घ्यावे. काम दिवाळीनंतर काढलेत तर पावसाचा अडथळा कमी आणि कडक ऊनही नाही. काँक्रीट झाल्यावर त्यावर आळी (मातीचे छोटे बांध) करून निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवावे.

उत्तर (बास्केटबॉल प्रशिक्षक, सहकारनगर)

जागा पुरेशी आहे, आणि तीही गाडी उभी असताना. खांब मागच्या भिंतीलगत उभारून बोर्डाचा दर्शनी भाग भिंतीपासून १.२ मीटर पुढे आणला, तर फ्री थ्रोची रेषा भिंतीपासून ५.८ मीटरवर येते आणि फाटकाच्या बाजूला ५.२ मीटर उरतात. चार मीटरच्या आतली गाडी त्यात मावते. रिंगखालची चौकट ४.९ मीटर रुंद असते, तीही आपल्या रुंदीत बसते. तीन गुणांची रेषा भिंतीपासून सुमारे ८.३ मीटरवर येईल. त्या सरावापुरती गाडी बाहेर काढावी लागेल. नियमाची रिंग ३.०५ मीटर उंच असते, परंतु लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते. अकराव्या वर्षी पूर्ण उंचीवर फेकण्याच्या हट्टापायी मुले चेंडू खांद्यामागून भिरकावू लागतात आणि ती सवय पुढे फार त्रास देते. म्हणून उंची बदलता येणारी रिंगच घ्यावी. चेंडू आत्ता ५ नंबरचा आणि पुढच्या वर्षापासून ६ नंबरचा, रबरी घ्यावा. खरखरीत काँक्रीटवर चामड्याचा चेंडू लवकर झिजतो. प्लायवुडचा बोर्ड पुण्याच्या पावसात फुगतो, त्यामुळे तो टाळावा. खांबाला जाड फोमचे आवरण हवेच, कारण ले-अप (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणे) करताना मूल वेगाने थेट खांबाकडेच येते.

उत्तर (रहिवासी, एरंडवणे)

मागच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांशी काम सुरू होण्यापूर्वीच बोलावे. बोर्ड आणि रिंग यांचा आवाज चेंडूच्या टप्प्यांच्या आवाजापेक्षा अधिक खुपतो, म्हणून बोर्डाचे सर्व बोल्ट रबरी वॉशर घालून आवळावेत. रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दुपारची विश्रांती आणि परीक्षांचे दिवस यांचाही विचार व्हावा. भिंतीवर नायलॉनची जाळी लावल्यास चेंडू पलीकडे जाणार नाही. झाडाची फांदी आड येत असेल, तर ती तोडण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते: खांब भिंतीलाच जोडला तर पायाचा खर्च वाचेल का?

स्थापत्य अभियंता

कृपया तसे करू नये. कंपाउंडची जुनी भिंत स्वतःचे वजन पेलण्यापुरतीच बांधलेली असते. पुढे झुकलेल्या बोर्डाची ओढ आणि रिंगला कोणी लटकल्यास येणारा झटका ती सहन करू शकत नाही. खांब आणि भिंत यांच्यामध्ये थोडे अंतर सोडा आणि पाया स्लॅबच्या आधी भरून घ्या, म्हणजे नवे काँक्रीट पुन्हा फोडावे लागणार नाही.