अलास्कात मूसच्या शिकारीला अस्वलासाठी जवळ काय ठेवावं: १० एमएम की .४४ मॅग्नम?

रेडमंडकर

सप्टेंबरच्या मध्यात दोघं जण मूससाठी (मोठ्या जातीचं हरीण) अलास्कात जातोय. बुश प्लेन तळ्यावर सोडणार आणि आठ-दहा दिवसांनी न्यायला येणार. गाइड नाही. रायफल दोघांकडेही .३०-०६. ग्रीन कार्ड आहे, राहायला वॉशिंग्टन राज्यात. तपकिरी अस्वलांचा इलाका आहे, म्हणून हँडगन घ्यायचा विचार चाललाय. ग्लॉक २० (१० एमएम) घ्यावं की .४४ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर? गोळी कुठली? पाठीवर सॅक आणि छातीवर दुर्बिणीचा हार्नेस असताना होल्स्टर (हँडगनचं म्यान) कुठे बसवायचं? आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) जवळ असेल तर हे सगळं हवंच का?

चुगाच

आधी एक स्पष्ट करून घेऊ. अस्वलासाठीचं तुमचं मुख्य हत्यार रायफलच. अलास्काचं फिश अँड गेम खातं .३०० मॅग्नम रायफल किंवा स्लग (छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी) भरलेली १२ बोअर शॉटगन सुचवतं, आणि .४४ मॅग्नमसारखी दणकट हँडगनसुद्धा कमी पडू शकते, विशेषतः सराव नसलेल्या हातात, असं सांगतं. हँडगन घ्यायची ती रायफल झाडाला टेकवलेली असते आणि कोपरापर्यंत हात मूसच्या पोटात असतात त्या वेळेसाठी. ही गोष्ट पक्की धरली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

कॅलिबरचा हिशेब असा: १० एमएममध्ये २२० ग्रेन वजनाची हार्डकास्ट (कठीण शिशाची) गोळी १२०० फूट प्रतिसेकंदाने सुटली तर सुमारे ७०० फूट-पाउंड ऊर्जा. .४४ मॅग्नममध्ये ३०० ग्रेनच्या आसपासची गोळी १२००-१३०० फुटांनी, म्हणजे हजारच्या आगेमागे. कागदावर .४४ पुढे आहे. पण दुसरी आणि तिसरी गोळी तुम्ही किती लवकर नेमकी मारता हे कागदावर दिसत नाही. अस्वल ताशी ५५ किलोमीटरने येतं, सेकंदाला १५ मीटर. तीस मीटरवर दिसलं तर हातात दोन सेकंद. झुडपात तेवढेही नाहीत. ज्याने आजवर ९ एमएमच चालवलंय त्याला मी .४४ देणार नाही.

गोळीबाबत मात्र वाद नको. होलो पॉइंट (पोकळ टोकाची गोळी) माणसासाठी असते, ती फुलते आणि चरबी-स्नायूतच थांबते. इथे हाड फोडून आत जाणारी हवी, म्हणजे कठीण शिशाची, चपट्या नाकाची. चपटं नाक सरळ जातं, गोल नाक हाडावरून घसरू शकतं.

ग्लॉकला यात एक खोच आहे. चौथ्या जनरेशनपर्यंतच्या नळ्या पॉलिगोनल रायफलिंगच्या (आतल्या चऱ्या धारदार नसून गोलसर) आहेत. उघडं शिसं त्यांत साचतं आणि दाब वाढतो, म्हणून कंपनीच नको म्हणते. दोन-तीन मॅगझिन मारून नळी लख्ख करणार असाल तर काम भागतं. नाहीतर दुसऱ्या कंपनीची साध्या रायफलिंगची नळी टाका, किंवा फेडरल कंपनीची सॉलिड कोअर गोळी घ्या (२०० ग्रेन, शिशावर पॉलिमरचं आवरण). आणि जी गोळी रानात नेणार तीच किमान दीडशे-दोनशे मारून बघा. जड हार्डकास्टवर काही पिस्तुलं राउंड नीट वर चढवत नाहीत. मनगट ढिलं पडलं किंवा जाड हातमोजा असला तर आणखी अडकतात.

सहाघरं

चुगाचशी बऱ्यापैकी सहमत, पण रिव्हॉल्व्हरची बाजू अर्धीच आली. अस्वल अंगावर आलं की बरेचदा नळी त्याच्या अंगालाच टेकते. पिस्तुलाची स्लाइड त्या दाबाने मागे सरकते आणि चाप ओढला तरी काही होत नाही. शिवाय अडकलेलं काडतूस काढायला दोन हात लागतात आणि त्यातला एक अस्वलाच्या जबड्यात असू शकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, बस.

आता रिव्हॉल्व्हरचं दुखणं. वजन वाचवायला लोक स्कँडियमची स्मिथ अँड वेसन ३२९पीडी घेतात, जेमतेम ७०० ग्रॅम. खांद्याला बरं वाटतं. पण त्या हलक्या चौकटीत धक्का इतका बसतो की सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांच्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही, आणि हे ठोकून सुटणारं प्रकरण नाही. तपासणी सोपी आहे. सहा काडतुसं भरा, त्यातल्या एकाची लांबी आधी कॅलिपरने मोजून ठेवा. पाच उडवा, सहावं काढून पुन्हा मोजा. तेच काडतूस परत भरून आणखी पाच उडवा, परत मोजा. लांबी वाढत असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. क्रिम्प (केसच्या तोंडाची गोळीवरची पकड) दणकट असलेलं दुसरं बघा. स्मिथ अँड वेसन ६२९ किंवा रुगर रेडहॉकसारख्या पोलादी चौकटीत हा त्रास बराच कमी.

सराव फक्त डबल ॲक्शनचा, म्हणजे नुसता चाप ओढून. घोडा अंगठ्याने मागे ओढून निवांत नेम धरणं रेंजवर छान दिसतं, रानात तेवढी फुरसत मिळत नाही.

दिंडोरीचा_देव्या

होल्स्टरचा प्रश्न कॅलिबरपेक्षा मोठा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. कमरेचं होल्स्टर मूसच्या शिकारीत निरुपयोगी, कारण भरलेल्या सॅकचा कमरपट्टा नेमका त्याच्यावर बसतो. छातीवरचं होल्स्टर घ्या, कायडेक्सचं (कडक प्लास्टिक). चामडं दिसतं देखणं, पण आठवडाभर पावसात भिजून फुगतं आणि पिस्तूल धरून ठेवतं. दुर्बिणीचा हार्नेस वर, होल्स्टर त्याच्या खाली तिरकं, बरगड्यांच्या शेवटावर. आधी होल्स्टर चढवा, मग दुर्बीण, मग सॅक. रेनकोट त्याच्या आत असला पाहिजे, बाहेर नाही. पाऊस आला की माणूस सवयीने सगळ्यावरून रेनकोट चढवून चेन गळ्यापर्यंत ओढतो, आणि झालं, पिस्तूल घरात बंद.

सराव सॅक, दुर्बीण, हातमोजे सगळं चढवून करा. छातीवरून उपसताना नळी डाव्या हातावरून फिरते, म्हणून डावा हात आधी छातीला चिकटवायचा आणि मगच उपसायचं. काही रेंजवर छातीवरून उपसायला परवानगीच नसते, आधी विचारून घ्या. पहिले शंभर वेळा रिकाम्या पिस्तुलाने. मग सात मीटरवर कागदी थाळी, पहिली गोळी दोन सेकंदांत आणि त्यामागे लगेच आणखी दोन. चेंबर भरलेलं ठेवा, म्हणजे नळीत काडतूस तयार. रिकामं चेंबर म्हणजे पुन्हा दोन्ही हात लागणार. अर्थात त्यासाठी होल्स्टरने चाप पूर्ण झाकलेला असायलाच हवा.

नेम: समोरून येणाऱ्या अस्वलाचं डोकं खाली असतं आणि हलत असतं. कपाळावर मारू नका, कवटी तिथे उतरती आहे आणि मेंदू त्याच्या मागे, खाली. नाकाकडे धरा. खाली गेली तरी मान-छातीत बसेल. आडवं असेल तर पुढचा खांदा.

आता खरी धोक्याची वेळ. सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टीटन विल्डरनेसमध्ये एक गाइड आणि त्याचा शिकारी आदल्या दिवशी मारलेला एल्क (मोठं हरीण) साफ करत होते. १० एमएम पिस्तूल सॅकजवळ ठेवलेलं, थोड्या अंतरावर. अस्वलाची मादी आणि मोठं पिल्लू आलं. शिकाऱ्याने पिस्तूल गाठलं, पण गोळी झाडता आली नाही. गाइडकडे फेकलं, ते पोचलं नाही. गाइड त्यात गेला. मरण्याआधी त्याने स्प्रे मारला होता असं तपासात दिसलं. दहा एमएम की .४४ हा वाद तिथे कुठे बसतो सांगा.

म्हणून: एकाने सोलायचं, दुसऱ्याने रायफल हातात घेऊन उभं राहायचं, वाऱ्याच्या खालच्या बाजूकडे तोंड करून. वास तिकडेच जातो, पाहुणाही तिकडूनच येतो. अर्ध्या तासाने पाळी बदला. मांस आतड्यांच्या ढिगापासून किमान शंभर यार्ड दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी ठेवा. मूसचं मांस दोनशे किलोच्या घरात जातं, चार-पाच खेपा ठरलेल्या, त्यामुळे परत येताना प्रत्येक वेळी आधी दुर्बिणीतून ढीग न्याहाळा आणि मोठ्याने बोलत या. ढिगावर माती-शेवाळ ओढलेलं दिसलं तर तो आता अस्वलाचा आहे. मागे फिरा. तळावर विजेचं कुंपण नेत असाल तर टेस्टर न्याच. शेवाळावर अर्थिंग नीट लागत नाही, काटा ५००० व्होल्टच्या वर दिसला तरच कुंपण म्हणायचं.

रेडमंडकर

देव्या, होल्स्टरचं पटलं. स्प्रेचं कोणी सांगेल का? ‘स्प्रे ९२ टक्के, बंदूक त्याहून कमी’ हे सगळीकडे फिरतं, त्यात तथ्य किती? आणि विमानातून कसं न्यायचं?

आकडेवाला

आकडे खरे आहेत, तुलना मात्र कच्ची आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास, दोन्ही अलास्कातले. २००८चा स्प्रेचा: १९८५ ते २००६ मधले ८३ प्रसंग, तपकिरी अस्वलांवर ९२ टक्के यश. २०१२चा बंदुकांचा: १८८३ ते २००९ मधले २६९ प्रसंग, हँडगन ८४ टक्के, लांब नळीच्या बंदुका ७६. पण स्प्रेच्या यादीत तळाभोवती हुंगत फिरणारी, नुसती चौकस अस्वलंही बरीच आहेत. बंदुकीच्या यादीत बहुतेक नोंदी प्रकरण हाताबाहेर गेल्यावर झालेल्या, शिवाय हँडगनचे प्रसंग चाळिशीच्याही आत. दोन वेगळ्या परीक्षांचे गुण शेजारी मांडून पहिला नंबर काढण्यात अर्थ नाही. दुसऱ्या अभ्यासातली वाचण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: बंदूक का फसली याच्या कारणांत सगळ्यात वर ‘वेळच मिळाला नाही’ हे आहे. पुढे बंदूक अडकणं, सेफ्टी चालू राहणं वगैरे.

स्प्रे घ्याच, दोघांनीही. अस्वल जोडीदाराच्या अंगावर बसलं असेल तर हार्डकास्ट गोळी आरपार जाऊन त्यालाच लागू शकते. स्प्रे मारला तर दोघांनाही झोंबेल, पण जोडीदार जिवंत राहील. डबा किमान २२५ ग्रॅमचा, ‘बेअर डिटरंट’ असं लेबल आणि ईपीए (अमेरिकेचं पर्यावरण खातं) नोंदणी असलेला. अस्वल दहा मीटरवर आलं की त्याच्या तोंडाच्या किंचित खाली, एक-दोन सेकंदांचा फवारा. डोक्यावरून गेला तर वाया. समोरून वारा असेल तर निम्मा तुमच्याच डोळ्यांत. थंडीत डब्यातला दाब घटतो, रात्री स्लीपिंग बॅगजवळ ठेवा. तारीख बघा, साधारण चार वर्षांनी दाब भरवशाचा राहत नाही. आणि तंबूवर आधीच मारून ठेवायचा शहाणपणा नको, वाळलेल्या मिरचीचा वास अस्वलांना उलट ओढतो.

कलम_आणि_काडतूस

प्रवास आणि कायदा, थोडक्यात.

सिॲटल-अँकरेज थेट विमान घ्या. रस्त्याने कॅनडातून हँडगन नेण्याचा विचारच नको, ऑक्टोबर २०२२ पासून तिथे हँडगनची खरेदी, विक्री, आयात सगळं गोठवलेलं आहे. विमानात: पिस्तूल रिकामं, कडक पेटीत, कुलूप तुमचं आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, चेक-इन सामानात, काउंटरवर जाहीर करून. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात. बऱ्याच एअरलाइनची मर्यादा ११ पाउंड असते. बेअर स्प्रे केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, अँकरेजला उतरूनच विकत घ्या. बुश प्लेनच्या पायलटला स्प्रे आहे हे आधी सांगा. तो फ्लोटमध्ये (विमान पाण्यावर ज्यावर तरंगतं ते पोकळ पाय) किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवेल, केबिनमध्ये फुटला तर तोच आंधळा होईल.

हँडगन तुम्हाला तुमच्याच राज्यात घेता येते, आणि वॉशिंग्टनमध्ये दहा कामाचे दिवस थांबावं लागतं, प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. ऑगस्टच्या शेवटी दुकानात जाऊ नका. जुलै २०२२ पासून तिथे दहापेक्षा जास्त राउंडची मॅगझिन विकायला आणि राज्यात आणायलाही बंदी आहे. ग्लॉक २०ची पंधराची मॅगझिन अलास्कात मिळतात म्हणून घेऊन परतलात तर गुन्हा. एच-१बीवाल्या वाचकांसाठी: तुम्हाला हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायलाच बंदी आहे, चालू शिकार परवाना हा एक अपवाद, आणि वॉशिंग्टनचा परदेशी नागरिकांसाठीचा वेगळा परवाना त्यावर. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात घेऊ नका.

अस्वल मारावंच लागलं तर: मूसचं मांस वाचवायला मारता येत नाही, ते मांस तुमच्या उपजीविकेला किंवा जगण्याला अत्यावश्यक असल्याशिवाय. जिवावर बेतलं तरच. मारल्यावर कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करायची, फिश अँड गेम किंवा स्टेट ट्रूपर्सना लगेच कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी अर्ज. तपकिरी अस्वलाचं कातडं सोलून वाहून आणणं हे दोघांचं दिवसभराचं काम आहे, तेही मूसच्या खेपा बाकी असताना. सॅटेलाइट मेसेंजर न्या, कळवायलाही आणि पायलटला लवकर बोलवायलाही.

रेडमंडकर

पंधराच्या मॅगझिनचं माहीत नव्हतं, आभार. दहाचीच घेतो. सहाघरं, ६२९ची नळी चार इंची की सहा?

सहाघरं

चार. सहा इंची छातीच्या होल्स्टरमधून उपसताना हात पुरत नाही, आणि बसलं की टोक मांडीला टोचतं.