सोय म्हणून? केसी फेअर बघा
परदेशात वाढलेल्या फुटबॉलपटू मुली आईबापांच्या देशाकडून खेळतात ती निव्वळ सोय, असं म्हटलं जातं. असेलही काहींची. पण केसी फेअर बघा. आई कोरियन, वडील अमेरिकन, वाढली अमेरिकेत. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध दक्षिण कोरियाकडून उतरली तेव्हा वय १६ वर्षं २६ दिवस. पुरुष-महिला दोन्ही धरून विश्वचषकातली सर्वांत लहान खेळाडू! जर्मनीविरुद्ध तर प्रशिक्षक कॉलिन बेल यांनी तिला पहिल्या मिनिटापासून खेळवलं, तिचा फटका खांबावर आदळला, सामना १-१ सुटला. शोभेची बाहुली नव्हती ती. आपल्याकडे मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी नागरिक असलेल्या मुलीला भारताकडून खेळायचं तर आधी परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. सोळाव्या वर्षी तो कोण सोडणार?