पदवीप्रदानाचे पास दोन आणि घरचे पाच, कसं जमवायचं? (पुणे)

हडपसरचा_दादा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं बीटेक झालं, पुढच्या महिन्यात शनिवारी पदवीप्रदान समारंभ आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर एक खाजगी विद्यापीठ आहे आणि गेल्या काही वर्षांत असं वाढलंय की विचारू नका, दर वर्षी एक नवी इमारत आणि दोन नवे कोर्स. माझा मामेभाऊ तिथल्या अगदी सुरुवातीच्या बॅचचा. त्याच्या वेळी ऑडिटोरियममध्ये कार्यक्रम झाला, प्रत्येकाला नाव घेऊन स्टेजवर बोलावलं, घरचे कितीही या म्हणाले होते, आम्ही सगळं खटलं घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत बसून चिवडा पण खाल्ला.

आता मेल आलाय की ग्राउंडवर मांडव घालणार, विद्यार्थ्यामागे पास फक्त दोन, स्टेजवर पीएचडी आणि मेडलवाले, बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं. आता आमच्या घरी आई, बाबा, आजी, मी आणि बार्शीचा काका. आजीचं वय ८२, तिला यायचंच आहे, नऊवारी पण काढून ठेवलीय. बाबा म्हणतात मी बाहेर गाडीत बसतो, त्यावर आई म्हणते मग मी पण येत नाही, बहीण म्हणते असं असेल तर मीच जात नाही पोस्टाने मागवते. तीन दिवस हेच चाललंय घरात.

कोणी असा समारंभ केलाय का, जास्तीचे पास मिळतात का, आणि नाहीच मिळाले तर त्या दिवसाचं काय करावं म्हणजे सगळ्यांना मजा येईल? बजेट फार नाही पण एक चांगलं जेवण तरी होईल.

---

मांडवातली_मॅडम

मी अशाच एका विद्यापीठात शिकवते (तुझ्या बहिणीच्या नाही) आणि दर वर्षी या समारंभाला माझी ड्युटी असते, त्यामुळे आतलं सांगते.

जास्तीचे पास मिळत नाहीत असंच धरून चल. ओळख काढून आणलेला पास गेटवर चालत नाही कारण तिथे यादी असते, आणि सिक्युरिटीवाल्याशी वाद घालून कोणी आत गेलेलं मी बघितलं नाही. पण एक गोष्ट विद्यार्थी विभागाला फोन करून आत्ताच विचार, दुसऱ्या हॉलमध्ये स्क्रीन लावणार आहेत का. गर्दी वाढली की बऱ्याच ठिकाणी हे करतात आणि तिथे पास लागत नाही, आत एसी असतो आणि टॉयलेट जवळ असतं. खरं सांगू का, ८२ वर्षांच्या बाईसाठी मांडवापेक्षा तेच बरं, मांडवात मागच्या खुर्चीवरून स्टेज म्हणजे रंगीत ठिपके दिसतात, बघायचं स्क्रीनवरच. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तेही त्याच फोनमध्ये सांगून टाक, त्या दिवशी सकाळी कोणी फोन उचलत नाही.

वेळेचं लक्षात ठेवा. मेलमध्ये रिपोर्टिंग आठचं आणि कार्यक्रम साडेदहाचा असेल तर ते उगाच लिहिलेलं नसतं. मिरवणूक सुरू व्हायच्या आधी दारं बंद करतात. पुढे मानदंड घेतलेला माणूस, मग कुलसचिव, अधिष्ठाता, कुलगुरू, पाहुणे असे सगळे झगे घालून चालत येतात, विद्यापीठगीत, राष्ट्रगीत, आणि एकदा ते सुरू झालं की कोणालाही आत सोडत नाहीत, मग तो मुलीचा बाप असो नाहीतर नगरसेवक. मग भाषणं. भाषणांबद्दल मी काही बोलत नाही, मला तिथेच नोकरी करायचीय 😄

मग एकेका शाखेचे अधिष्ठाता उभे राहून विनंती करतात की या या विद्यार्थ्यांना पदवी द्यावी, त्या शाखेची सगळी पोरं एकदम उभी राहतात आणि एका वाक्यात शेकडो जण पदवीधर होतात. लोकांना हे कळतच नाही, पालक आपल्या पोरीचं नाव कधी घेतायत याची वाट बघत बसतात आणि तोवर झालेलं असतं. तेव्हा तिची शाखा कितवी आहे ते कार्यक्रमपत्रिकेत बघून ठेवा आणि ती उभी राहिली की तेवढ्यात बघा, टाळ्या वाजवा, फोटो काढा.

बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर डिपार्टमेंटमध्ये वेगळा छोटा कार्यक्रम असतो, तिथे नाव घेऊन फोल्डर देतात. तुमच्याकडे असेल तर तोच खरा. तिथे तिला शिकवलेले लोक असतात, आणि घरच्यांना सहसा कोणी अडवत नाही. बहिणीला सांग, नावाची चिठ्ठी देताना ते देवनागरीत पण लिही. इंग्रजीतलं काळे आडनाव निवेदकाने काले, केल आणि एकदा तर चक्क काली वाचलेलं मी ऐकलंय, पोरगी स्टेजच्या पायरीवर थांबून इकडेतिकडे बघत होती, आपल्यालाच बोलावलंय हे तिला कळेना.

---

पेठेतला_एकटा

एवढं कशाला. झग्याचं भाडं, झग्याचं डिपॉझिट, फोटोचं पॅकेज, फ्रेमचं पॅकेज, आणि शेवटी हातात रिकामं फोल्डर. आमच्या वेळी फॉर्म भरला, पैसे भरले, पदवी पोस्टाने घरी आली, पोस्टमनला चहा पाजला, झालं. कोणी रडलं नाही.

फोटो पॅकेज तेवढं घेऊ नका. तोच फोटो तुमच्या मोबाईलवर जास्त बरा येतो आणि त्यात शेजारच्या माणसाचं कोपर नसतं.

---

नाशिकचा_पण_पुण्यात

@पेठेतला_एकटा काका तुमच्या घरात पदवीधर आधीपासून असतील म्हणून पोस्टाने चाललं. ज्यांच्या घरात पहिलीच पदवी आहे त्यांना तो मांडव हवा असतो, त्यात चूक काय.

दादा, तुझ्या प्रश्नावर माझं म्हणणं वेगळं आहे. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. ते किती मोठं आहे बघ, पुणे, नगर आणि नाशिक तीन जिल्ह्यांतली कॉलेजं, आणि १९४९ ला सुरू झालं तेव्हा तर याहून मोठं होतं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये झालं, मग जळगावला वेगळं झालं, तसतसे जिल्हे कमी होत गेले. आता एवढ्या सगळ्या पोरांना गणेशखिंडीत एका जागी बोलावून नावं घ्यायची म्हटली तर आठवडा जाईल. म्हणून आमच्यासारख्यांना पदवी आपापल्या कॉलेजात मिळते. माझी नाशिकला कॉलेजच्या हॉलमध्ये मिळाली, आमच्या प्राचार्यांच्या हातून, आई-बाबा दुसऱ्या रांगेत, लॅबचे मामा पण आले होते. मला तर तेच आवडलं. तेव्हा मॅडम म्हणतात तसं डिपार्टमेंटच्या कार्यक्रमाला जास्त धरून राहा, मोठ्या मांडवाचं एवढं मनावर घेऊ नका.

आणि झग्यावरून आठवलं, आमच्या विद्यापीठाने काळा झगा सोडून कुर्ता, उपरणं, पगडी असा वेष आणला तर २०१९ च्या समारंभात पगडी पुणेरी की फुले पगडी यावरून केवढा वाद झाला होता. पुण्यात डोक्यावर काहीही घाला, वाद हा होणारच.

फोटोसाठी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरची हिरवळ भारी आहे, पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं निवासस्थान होतं ते. गेटवर विचारतात पण.

---

पेठेतला_एकटा

शिकली एका विद्यापीठात आणि फोटो दुसऱ्या विद्यापीठासमोर? वा.

---

हडपसरचा_दादा

मॅडम खूप आभार, आजच फोन केला. दुसऱ्या हॉलमध्ये स्क्रीन आहे! आणि डिपार्टमेंटचा कार्यक्रम तीन वाजता, त्याला पास नाही. झगे आदल्या दिवशी शुक्रवारी मिळणार, शनिवारी पाचपर्यंत परत करायचे नाहीतर डिपॉझिट गेलं. घरातलं वातावरण जरा निवळलंय, पण आता नवीन भांडण, मांडवात कोण आणि स्क्रीनवाल्या हॉलमध्ये कोण 🙏 आणि तीन वाजेपर्यंत आजीला काय खायला घालायचं, तिला बाहेरचं तिखट चालत नाही.

---

वारजे_माळवाडी

अरे मग शुक्रवारी झगा मिळतोय ना, सोन्यासारखी संधी आहे ती. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही हेच केलं, तिने आदल्या संध्याकाळी झगा घरी आणला, इस्त्री केली (ती करावीच लागते, पिशवीतून चुरगळलेलाच येतो), मग तो घालूनच पाटावर बसवून सगळ्यांनी औक्षण केलं, शेजारच्या काकू आल्या, पेढे वाटले, घरचे फोटो निवांत काढून झाले, म्हातारी माणसं आपापल्या जागी बसून सगळं बघत होती, कोणाला पास लागला नाही की पार्किंग. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो तेव्हा कोणाला कसली घाई नव्हती, जे दिसलं ते दिसलं. तुमच्या काकांना आणि आजींना गुरुवारीच बोलवा. आणि बार्शीहून एसटीने येणार असतील तर स्वारगेटपर्यंत कशाला नेताय, हडपसरला गाडीतळावर उतरवून घ्या, तुमचं घर तिथेच आहे ना.

मांडवात आई-बाबा दोघं बसू देत, यात भांडण्यासारखं काय आहे कळत नाही. आजी, काका आणि तुम्ही स्क्रीनवाल्या हॉलमध्ये. एकटीला तिथे सोडू नका, आवाज मोठा असतो आणि कोणी काही सांगत नाही. डबा घरूनच न्या, दशमी, तुपातला शिरा, ताकाची बाटली. आणि हॉलमध्ये खायला देत नाहीत हं, बाहेर झाडाखाली.

---

कागदपत्र_मित्र

सगळे झगा आणि डबा बोलतायत, कोणीतरी सर्टिफिकेटचं पण बोला. स्टेजवरचं फोल्डर बहुतेक ठिकाणी रिकामं असतं, खरी पदवी काउंटरवर सही करून घ्यायची असते, त्याला ओळखपत्र लागतं आणि नो ड्यूज क्लिअर नसेल तर देत नाहीत. लायब्ररीचं एखादं पुस्तक, हॉस्टेलची चावी असलं काही राहिलं असेल तर याच आठवड्यात मिटवा.

हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. स्वतःचं नाव, आईचं नाव, शाखा, वर्ष. स्पेलिंग चुकलं असेल तर लगेच काउंटरवर अर्ज द्या, नंतर प्रतिज्ञापत्र, फी, चकरा असं लांबत जातं. डिजिलॉकरवर पदवी कधी येणार तेही विचारून घ्या.

आणि कृपा करून लॅमिनेट करू नका!! बाबा लोकांना फार हौस असते. पुढे बाहेरदेशी जायचं झालं तर पदवीवर अटेस्टेशनचे शिक्के मारावे लागतात, मूळ कागदावर, प्लास्टिकवर नाही. फ्रेम करायचीच असेल तर रंगीत झेरॉक्सची करा, भिंतीवर सारखीच दिसते.

---

हडपसरचा_दादा

बाबा लॅमिनेशनवाल्याला ऑलरेडी विचारून आलेत 😂 थांबवतो त्यांना.

ठरलं मग बऱ्यापैकी. शुक्रवारी घरी औक्षण, आईने पुरणपोळ्यांचं मनावर घेतलंय. शनिवारी आई-बाबा मांडवात, आम्ही तिघं हॉलमध्ये, तीन वाजता सगळे डिपार्टमेंटमध्ये, पाचच्या आत झगा परत. बहीण म्हणते तिच्या प्रोजेक्टच्या सरांची आणि आजीची भेट घालून द्यायचीय, कारण व्हायवाच्या आदल्या रात्री आजीने जागून तिचं प्रेझेंटेशन ऐकलं होतं, मोटरच्या कंट्रोलरबद्दल, आणि मधेच विचारलं की हे बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार. सरांनी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला.

आता फक्त रात्रीचं जेवण राहिलं. परत येताना शहरातूनच यावं लागणार तर आपटे रोडचं श्रेयस की टिळक रोडचं दुर्वांकुर? आजीला थाळीच हवी, टेबलावर बसून वाढलेली.

---

वारजे_माळवाडी

दोन्ही चांगली. शनिवार संध्याकाळ आहे, लवकर पोचा, साडेसातच्या आत. आणि जिने किती आहेत ते फोन करून विचारून घ्या आजींसाठी.

---

पेठेतला_एकटा

पाचला झगा परत करून शनिवारी साडेसातच्या आत टिळक रोडला, तेही गाडीने? विद्यापीठ चौकातून येणार असाल तर डब्यातला शिरा थोडा शिल्लक ठेवा. गाडी लांब कुठेतरी लावून रिक्षाने या, टिळक रोडला पार्किंग शोधत फिरण्यात जेवणाची वेळ जाईल. आणि मुलीचं अभिनंदन सांगा.