बीएमआय २४.४, ॲप म्हणतं नॉर्मल आणि कंपनीचा रिपोर्ट म्हणतो ओव्हरवेट, धरायचं कुणाचं?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. वय ३९, उंची १६८ सेंमी, वजन ६९ किलो. ऐरोलीला ऑफिस, दिवसभर खुर्चीत, जाऊनयेऊन ट्रेन. गेल्या महिन्यात कंपनीचं हेल्थ चेकअप झालं, त्याच्या रिपोर्टवर बीएमआय २४.४ आणि पुढे लाल अक्षरात ओव्हरवेट. मोबाईलमधल्या ॲपमध्ये तेच आकडे टाकले तर हिरव्या पट्ट्यात नॉर्मल दाखवतंय, २५ च्या खाली म्हणजे ठीक असं. आता एकच माणूस, एकच वजन, मग दोन उत्तरं कशी काय?

घरात विचारलं तर बायको म्हणते पोट सुटलंय ते दिसतंय की, त्याला ॲप कशाला हवं. आई म्हणते कुठे जाड आहेस, खात्यापित्या घरचा दिसतोस, उगाच उपाशी राहू नकोस. वडिलांना डायबेटिस होता, त्यातच किडनी गेली आणि ६१ व्या वर्षी ते गेले, म्हणून मला हे सोडून द्यायचं नाहीये. रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, ५.९ आहे, बाकी बीपी वगैरे ठीक.

पँट ३४ ची लागते, ती तर कॉलेज संपल्यापासून तीच आहे.

अजून एक, आई ६७ वर्षांची, उंची १५० सेंमी, वजन ४१. तिचा बीएमआय काढला तर १८.२ आला. ती आयुष्यभर बारीकच, काटक आहे, सगळे म्हणतात हिला काही व्हायचं नाही. तिचं ठीक मानायचं ना?

न्यूजर्सीकरीण

दादा, माझ्या बाबतीत अगदी हेच झालंय म्हणून लगेच लिहितेय. मी १६० सेंमी, वजन ६० किलो म्हणजे इथल्या भाषेत १३२ पौंड, बीएमआय २३.४. इथे आधीच्या डॉक्टरांकडे दरवर्षी जायचे, वजन छान आहे म्हणायचे आणि विषय संपायचा, शुगर तपासायची गरजच कुणाला वाटली नाही, मलाही नाही. मग घर बदललं, नवीन डॉक्टर मिळाल्या, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं की तुमचे आईवडील भारतातले का आणि घरात कुणाला डायबेटिस आहे का. एचबीए१सी ६.१ आला, म्हणजे डायबेटिसच्या बॉर्डरवर. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासूनच सांगितलंय की आशियाई वंशाच्या माणसाची शुगर बीएमआय २३ झाला की तपासा, २५ ची वाट बघू नका. म्हणजे नियम होता, पण माझ्यापर्यंत पोचायला मधली कितीतरी वर्षं गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचं ॲप बहुतेक तोच २५ वाला तक्ता वापरतंय, तुमचा रिपोर्ट बरोबर आहे.

तालीमकर

मी उलट बाजू मांडतो. कोल्हापूर, वय ३१, दहा वर्षं तालमीत होतो, अजूनही रोज जोर बैठका आणि आठवड्यातून तीनदा माती. उंची १७३, वजन ८६, बीएमआय २८.७. तक्त्याप्रमाणे मी लठ्ठ. कंबर ३४ इंच आहे टेपने मोजलेली. विमा काढायला गेलो तर नुसता आकडा बघून हप्ता वाढवून सांगितला, कुणी शर्ट वर करून पोट पण बघितलं नाही. हे बीएमआयचं सूत्र काढणारा केतले हा बेल्जियमचा गणिती, १८३० च्या दशकातला, तो काय डॉक्टर नव्हता, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं. एका माणसाची तब्येत सांगायला त्याने ते केलंच नव्हतं. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव पण १९७२ साली ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. तर माझं म्हणणं असं की वजनकाट्याला मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही, मग त्या आकड्यावर माणसाला लठ्ठ का ठरवायचं? आरशात बघा, जिने चढा, दम लागतो का बघा.

ओपीडीवाली

मी सांगली जिल्ह्यात २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. जरा सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न रोज समोर असतो.

आधी दोन तक्त्यांचं. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२, ६९ ला त्याने भागलं की २४.४. गणित दोघांचं एकच आहे, रेघ वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सगळ्यांसाठीचा तक्ता १८.५ ते २४.९ नॉर्मल धरतो, २५ पासून ओव्हरवेट, ३० पासून लठ्ठ. पण आशियाई लोकांना कमी वजनातच डायबेटिस आणि हार्टचे त्रास सुरू होतात हे दिसल्यावर संघटनेच्याच तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ असे सावध व्हायचे आकडे सांगितले. भारतातल्या डॉक्टरांनी २००९ साली एकत्र बसून आपल्याकडे १८ ते २२.९ नॉर्मल, २३ ते २४.९ ओव्हरवेट आणि २५ पासून लठ्ठपणा असं ठरवलं. तुमचा २४.४ एका रेघेच्या अलीकडे आणि दुसरीच्या पलीकडे. तुम्ही भारतीय आहात, वडिलांना डायबेटिस होता, तर आपली रेघ धरायची.

हे का, तर याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं एकच, आतून दुपटीहून जास्त फरक. आणि हे जन्मापासून असतं. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोच्या आसपास. आपलं बाळ एवढं लहान, पण त्याची झीज झालेली होती ती मांसाची, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं पण चरबी जास्त असलेलं शरीर, आपल्यातल्या फार जणांचं असंच असतं. मांस कमी म्हणजे जेवणातली साखर ओढून घ्यायला जागा कमी, आणि पोटात लिव्हरभोवती चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करेनासं होतं.

तालीमकर, तुमचं खरं आहे, विमावाल्यांनी नुसत्या आकड्यावर निर्णय घेणं चुकीचंच होतं. पण तुम्ही शंभरात एक आहात हो. माझ्याकडे २८ बीएमआय घेऊन येणाऱ्यांत बैठका मारणारे अगदी मोजके, बाकीच्यांचं ते मांस नसतं. शिवाय तालीम सुटल्यावर खुराक तसाच राहिलेले पैलवानही मी बघितलेत, वजन तेच असतं पण चाळिशीपर्यंत मांसाची जागा चरबीने घेतलेली असते आणि काट्याला ते कळत नाही, टेपला कळतं. तुमची कंबर ८६ सेंमी आहे, ती तिथेच ठेवा.

टेपचं सांगते. पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत, बाईची ८० च्या आत. दुसरा सोपा हिशोब, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. पँटचा नंबर धरू नका! पँट आपण पोटाच्या खाली सरकवत जातो, नंबर तोच राहतो आणि पोट वरून बाहेर येतं. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड याच्या मधोमध टेप लावायचा, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीला नुसता टेकलेला हवा. मोजून सांगा.

गरोदर बायकांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र हा तक्ता लावूच नका, मुलांचे वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात.

आणि आता तुमच्या आईंचं, कारण मला खरी काळजी त्यांची वाटतेय. १८.२ हा आकडा अगदी कडेवर आहे, तो जन्मभर तसाच असेल तर एक गोष्ट, आणि आत्ता उतरून तिथे आला असेल तर पूर्ण वेगळी. गेल्या वर्षी वजन किती होतं? ब्लाउज सैल झालेत का? हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतात का? जेवण कमी झालंय का? शुगर कधी तपासलीय?

भाकरतुकडा

ओपीडीवाली ताई, वजन किती उतरवायचं ते पण सांगा ना. मी ४५ ची, गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून भात चपाती सगळं बंद करून नुसतं सूप आणि फळं, दोन महिन्यांत ९ किलो उतरलं, केस गळले, चक्कर यायची, पुढे पित्ताशयात खडे निघाले आणि वजन सगळं परत आलं. एवढं करून हाती काही नाही, फार रडले होते मी तेव्हा.

ओपीडीवाली

ताई, झपाझप वजन उतरवलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, यात तुमची चूक नाही, कुणी सांगितलंच नाही तुम्हाला. आणि उपाशी राहून उतरलेल्या वजनात मांसही जातं, परत चढतं तेव्हा जास्त करून चरबी होऊन चढतं.

आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ. एकदम तक्त्यातल्या आकड्यावर पोचायची गरज नसते. अमेरिकेत बॉर्डरवर शुगर असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निकाल आले, ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं एवढंच ध्येय दिलं होतं, त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईतही आपल्या लोकांवर तसाच प्रयोग झाला, तिथे वजन फारसं उतरलं नाही तरी खाणं आणि चालणं बदललेल्यांत प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. म्हणून काटा हलला नाही तरी चालणं सोडू नका असं मी सगळ्यांना सांगते.

खाडीपलीकडचे, तुमच्या ६९ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलोच्या आत. चहातली साखर, ऑफिसमधली संध्याकाळची बिस्किटं फरसाण, आणि रात्री साडेदहाचं जेवण, ह्या तीन गोष्टींपासून सुरू करा. चारच्या दोन चपात्या करा पण शेजारी मोडाची उसळ, घट्ट वरण, अंडं, दही असं काहीतरी भरपूर हवं. आणि आठवड्यातून दोनतीनदा अंगमेहनतीचा व्यायाम, बैठका, वजन उचलणं, त्याने मांस टिकतं. बैठकांचं तालीमकर मार्गदर्शन करतीलच.

तालीमकर

करतो की. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका दहाच्या तीन वेळा, एवढ्यावर पहिले पंधरा दिवस. गुडघा दुखला तर थांबायचं. ताईंचं टेपचं म्हणणं पटलं, मी वडिलांची कंबर आज मोजली, १०२ सेंमी. ते पण जुने पैलवान. उद्या त्यांना शुगर तपासायला नेतोय.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. कंबर मोजली. ३७ इंच, म्हणजे ९४ सेंमी. पँट ३४ ची आणि कंबर ३७, तीनदा मोजली तरी तेच. निम्मी उंची ८४ होते, म्हणजे १० सेंमी जास्त.

आईला विचारलं. गेल्या दिवाळीला आरोग्य शिबिरात वजन केलं होतं ते ४५ होतं, कार्ड सापडलं. ब्लाउज तिने स्वतःच आत घेतलेत, आम्हाला कुणाला सांगितलं नाही. खुर्चीतून उठताना हाताने रेटा देते, ते मी रोज बघतो पण वय झालं असं धरून चाललो होतो. शुगर कधीच तपासलेली नाही, बारीक माणसाला कुठे शुगर होते असंच आम्ही सगळे म्हणायचो.

ओपीडीवाली

४५ चे ४१ म्हणजे वर्षाच्या आत जवळजवळ ९ टक्के. प्रयत्न न करता ५ टक्क्यांच्या वर वजन गेलं की तपासायचंच, वय कितीही असो. शुगर, थायरॉइड, रक्त, छातीचा एक्सरे, आणि दात कवळी पण बघा, चावता येत नाही म्हणून म्हातारी माणसं चहात पोळी बुडवून दिवस काढतात आणि तक्रार करत नाहीत. ह्याच आठवड्यात न्या.

खाडीपलीकडचा

आज बारा दिवसांनी लिहितोय. आईची उपाशीपोटी शुगर १६८ आली, एचबीए१सी ८.४. थायरॉइड आणि एक्सरे ठीक. कवळी पण खालची टोचत होती, सहा महिने ती रात्री नुसता मऊ भात आणि दूध घेत होती. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय. ४१ किलोच्या बाईला शुगर, माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, वडिलांच्या वेळी सगळं लक्ष त्यांच्याकडे आणि ही शेजारी बसलेली. मी ऐरोली स्टेशन ते ऑफिस चालत जायला लागलोय, कंबर अजून तेवढीच आहे.

ओपीडीवाली

वेळेत कळलं, बरं झालं. एक गोष्ट तिथल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा, बारीक आणि वजन उतरत असलेल्या वयस्क माणसाला नव्याने शुगर निघाली तर स्वादुपिंड बघण्यासाठी पोटाची सोनोग्राफी किंवा स्कॅन हवा का. आणि शुगर आहे म्हणून त्यांचं जेवण कमी करू नका, त्यांचं वजन वाढायला हवंय. साखर गूळ बंद, पण वरण, अंडं, पनीर, शेंगदाण्याचं कूट, तूप राहू दे. डोळे आणि पाय पण तपासून घ्या. कवळी नवीन केलीत का?

खाडीपलीकडचा

माप दिलंय, पुढच्या गुरुवारी मिळेल. सोनोग्राफीचं उद्या सकाळीच विचारतो.