लुबा लोकांची हस्तिदंती पदकं: पिवळेपणा मळ नव्हे

लुबा लोकांच्या हस्तिदंती पदकावर कोरलेली बाईची मूर्ती पाहून लोक विचारतात की ही देवी आहे का आणि तिचा पिवळेपणा कसा काढायचा. दोन्ही प्रश्नांत एक गैरसमज आहे.

आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातल्या लुबांमध्ये अशी पदकं ठरावीक पूर्वजांच्या सन्मानार्थ कोरत आणि त्यांना त्या पूर्वजांचीच नावं देत. म्हणजे ही देवी नाही. बाईचंच रूप का? लुबा समजुतीत राजसत्तेची गुपितं स्त्रीच्या देहात जपलेली असतात, म्हणून बऱ्याच मूर्तींचे हात स्तनांवर असतात. राजा वारला की त्याचा आत्मा ‘म्वादी’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रीत वसतो, असंही मानत.

आता पिवळेपणा. पदक दोऱ्यात ओवून छातीवर तिरकं किंवा दंडावर बांधत आणि तेल चोळत. घाम, तेल आणि हाताळणी यांनी तो मधासारखा रंग येतो, नाक-डोळे झिजून गुळगुळीत होतात. ही झीजच वस्तूचा इतिहास सांगते, त्यामुळे साबण, ब्लीच, लिंबू अजिबात नको. पाण्यानं दात फुगतो, सुकताना तडकतो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, बस्स. नवं तेलही लावू नका, आणि ऊन व हीटरपासून दूर ठेवा.

नावात ‘हस्तिदंत’ असलं तरी पाणघोडा, रानडुक्कर यांचे सुळे आणि हाडही वापरत. भिंगातून आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघा दिसल्या तर हत्ती. बारीक काळपट ठिपके दिसले तर हाड.